परत आलेल्या पाकिटावरचे शिक्के कसे वाचायचे

नाशिकच्या भद्रकालीतला आतेभावाचा वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून तारेचा एक आकडा निघाला. जुन्या घरांत पत्रं अशीच ठेवत. वाचून झालं की तारेत ओवायचं, बस्स. दीड-दोनशे कागद त्या तारेला अजून लटकत होते. आतेभावाने त्यातल्या एका पाकिटाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला, “दादा, कलकत्त्याच्या कुणाचं तरी पत्र चुकून आपल्याकडे आलंय बघ. वर ‘अनक्लेम्ड’ असा शिक्का आहे. म्हणजे बेवारस ना?”

चुकून काहीच आलं नव्हतं. पत्र अगदी योग्य घरी आलं होतं, फक्त उलट्या वाटेने.

पहिला धडा इथेच घ्या, कारण शिक्के वाचण्याआधी तो कळला तर अर्धं काम होतं. जे पत्र पोहोचलं, ते ज्याच्या नावाने लिहिलं त्याच्या घरात सापडतं. जे पोहोचलं नाही, ते लिहिणाऱ्याच्या घरात सापडतं. पाकिटावर कलकत्त्याचा पत्ता आहे, ‘अनक्लेम्ड’चा शिक्का आहे आणि पाकीट निघालंय नाशिकच्या माळ्यावर. याचा अर्थ ते याच वाड्यातून कुणीतरी पाठवलं होतं. आतेभाऊ दोन क्षण गप्प झाला आणि मग म्हणाला, “म्हणजे आमच्याच आजोबांचं?” आजोबांचं की पणजोबांचं ते पुढे पाहू.

पत्त्यात इंग्रजीत माणसाचं नाव होतं, त्याखाली ‘केअर ऑफ पोस्टमास्तर, जी.पी.ओ., कलकत्ता’. घर नाही, गल्ली नाही. ही त्या काळची सर्रास सोय. ज्याचा मुक्काम पक्का नाही, अशा माणसाला पत्र लिहायचं तर ते त्या गावच्या मोठ्या पोस्टाच्या नावे लिहायचं. पोस्ट ते खणात ठेवून देई आणि माणूस येऊन, ओळख पटवून घेऊन जाई. टपालखात्याच्या भाषेत याला फ्रेंच नाव आहे, ‘पोस्त रेस्तांत’, म्हणजे राहिलेलं टपाल. अमेरिकेत यालाच ‘जनरल डिलिव्हरी’ म्हणतात. फिरते व्यापारी, नाटक कंपन्यांतली माणसं, नोकरीच्या शोधात निघालेली पोरं, बदलीवरचे शिपाई असे सगळे ही सोय वापरत. नाशिककरांना तर हे समजायला जड जाऊ नये. सिंहस्थात महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या माणसाला घरून पत्र कुठे घालणार? एक तर ‘पंचवटी, अमक्या भटजींचे घरी’, नाहीतर पोस्टमास्तरांच्या नावे.

आता शिक्के. सगळ्यांची पहिली चूक म्हणजे सगळ्यात ठळक शिक्का आधी वाचणे. ‘अनक्लेम्ड’ मोठा, जांभळा आणि तिरपा मारलेला, त्यामुळे डोळा तिथेच जातो. तसं करू नका. कागद-पेन घ्या, पाकीट दोन्ही बाजूंनी पाहा, जिथे जिथे तारीख दिसते ती उतरवून काढा आणि मग तारखा क्रमाने लावा. गोल शिक्क्यात साधारणपणे वर गावाचं नाव, मध्ये तारीख आणि पुष्कळदा वेळही असते. तिकिटावर पडलेला शिक्का टाकलेल्या गावचा. पाठीमागचे शिक्के वाटेतल्या आणि पोहोचलेल्या गावचे. जुन्या टपालात पाठीवर पोहोचल्याचा शिक्का मारायची पद्धत होती, त्यामुळे पाकिटाची पाठ ही खरी रोजनिशी.

आमच्या पाकिटाची रोजनिशी अशी निघाली. पुढे एक आण्याचं तपकिरी तिकीट, पंचम जॉर्जच्या चेहऱ्याचं, त्यावर ‘नासिक’, ३ फेब्रुवारी ३६. मागे अर्धवट उमटलेला शिक्का, त्यात ‘आर.एम.एस.’ एवढीच अक्षरं वाचता येतात. मग कलकत्ता जी.पी.ओ., ५ फेब्रुवारी. मग बराच काळ काहीच नाही. मग ‘डी.एल.ओ. कलकत्ता’ (हे काय, ते पुढे सांगतो), मार्चचा दुसरा आठवडा. आणि शेवटी परत ‘नासिक’, त्याच शिक्क्यात ‘डेली’ हे चार अक्षरांचं इंग्रजी रूप. हे ‘डेली’ म्हणजे रोज नव्हे, ‘डिलिव्हरी’चं आखूड रूप. हा बटवड्याचा शिक्का. तो दिसला की समजायचं, इथून पत्र पोस्टमनच्या पिशवीत गेलं.

‘३६’ म्हणजे १९३६ हे कशावरून? शिक्क्यात शतक लिहीत नाहीत. त्यासाठी तिकीट बघायचं. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारला, पण त्याची तिकिटं पुढेही चालू राहिली. म्हणून राजा मेल्यानंतरच्या तारखेचं पाकीट दिसलं तर दचकू नका. आणि एक गंमत. हे तिकीट छापलं कुठे? आपल्या नाशिक रोडला. आधी भारताची तिकिटं लंडनहून छापून येत. नाशिक रोडचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिल्यावर १९२६ पासून ती इथे छापली जाऊ लागली. तिकीट उजेडासमोर धरलं आणि कागदात पुष्कळ लहान तारे पसरलेले दिसले, तर ते नाशिकच्या छपाईचं. लंडनच्या छपाईत एका तिकिटाला एकच तारा असे. म्हणजे हे तिकीट नाशिक रोडला जन्मलं, नाशकात चिकटलं, कलकत्त्याला जाऊन नाशकातच परतलं.

आर.एम.एस. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, धावत्या गाडीतलं टपाल. डब्यात खण असत. गाडी पळत असताना माणसं उभ्याने पत्रं निवडत आणि त्यांच्याजवळ त्यांचा शिक्का असे. आपल्याकडे याची सुरुवात १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर झाली. गाडीतल्या शिक्क्यात गावाऐवजी मार्गाचं किंवा विभागाचं अक्षर येतं आणि ‘सेट’चा आकडा येतो, म्हणजे त्या पाळीच्या माणसांच्या गटाचा. हलत्या डब्यात मारलेला असल्यामुळे हा शिक्का बहुधा फिसकटलेला असतो. त्यात नाशिक दिसलं नाही म्हणून पत्र दुसरीकडून आलं असं समजू नका. शहरापासून नाशिक रोड स्टेशन आठ-नऊ किलोमीटर, टपालथैली तिथे गाडीत चढली की पत्र ‘गावाचं’ राहत नाही, ‘गाडीचं’ होतं.

‘नासिक’ असं लिहिलंय म्हणून शुद्धलेखनाची चूक काढू नका, हेही सांगून ठेवतो. इंग्रजांच्या शिक्क्यांत ते तसंच होतं आणि स्वातंत्र्यानंतर शिक्क्यांत देवनागरी आली तीही हिंदीच्या वळणाने ‘नासिक’ अशीच. पाकिटाच्या आत ‘नाशिक’ आणि बाहेर ‘नासिक’, हे शेजार कित्येक वर्षं नांदलं.

आता तो मोठा जांभळा शिक्का. पत्र का पोहोचलं नाही, याची कारणं टपालखात्याने ठरावीक शब्दांत बांधून ठेवली होती आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ अरुंद आहे. घरचे लोक तो ऐसपैस करतात. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे घ्यायला कुणी आलं नाही. एवढंच. माणूस तिथे होता की नव्हता, त्याला पत्राची खबर होती की नव्हती, जिवंत होता की नाही, यातलं काहीही हा शिक्का सांगत नाही, कारण खिडकीपलीकडच्या कारकुनाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच की खणातलं पत्र मुदत संपली तरी खणातच आहे. ‘रिफ्यूज्ड’ वेगळं. तिथे माणूस भेटला, पत्र समोर धरलं आणि त्याने ‘नको’ म्हटलं. ‘नॉट नोन’ म्हणजे या पत्त्यावर या नावाचं कुणी माहीत नाही. ‘लेफ्ट’ म्हणजे होता, पण सोडून गेला. (आतेभावाने तारेतल्या दुसऱ्या एका कार्डावरचं ‘लेफ्ट’ वाचून ‘डावीकडच्या घरात द्या’ असा अर्थ लावला होता. मी हसलो, पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.) ‘इनसफिशियंट अ‍ॅड्रेस’ म्हणजे दोष लिहिणाऱ्याचा, पोस्टमनला शोधायला पुरेसं काही दिलंच नाही.

मी स्वतः यात एकदा सपशेल आपटलो आहे, म्हणून हे इतकं घोळून सांगतोय. एका रद्दीच्या गठ्ठ्यात मला ‘अनक्लेम्ड’ची दोन कार्डं मिळाली, एकाच हस्ताक्षरातली, एकाच माणसाला लिहिलेली. मी रात्रभर बसून रुसव्याची कथा रचली. बाप लिहितोय, मुलगा घेत नाहीये, वगैरे. चार मित्रांना ऐकवलीही. नंतर नीट पाहिलं तर दोन्ही कार्डं एकाच आठवड्यातली होती आणि मजकुरात साफ लिहिलं होतं की ‘तू अजून पोहोचला नसशील, तरी पोस्टात ठेवतो’. मुलगा बहुधा त्या गावी उतरलाच नव्हता. शिक्क्याने जे सांगितलं नाही ते मी त्याच्या तोंडी घातलं होतं.

हा फरक नुसता हौशी लोकांपुरता नाही. रजिस्टर पत्राने पाठवलेल्या नोटिशीवर कोणता शेरा पडला, यावर कोर्टात वाद झडतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या २७ व्या कलमाप्रमाणे बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर केलेलं पत्र पोहोचलं असं धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे ‘घेतलं नाही’, ‘घराला कुलूप’ असले शेरे असले तरी नोटीस बजावली गेली असं मानता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये न वटलेल्या चेकच्या प्रकरणात सांगितलं. म्हणजे पोस्टमनला चुकवून नोटीस चुकत नाही. ज्या रजिस्टर पत्रावर हे सगळं उभं होतं ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तो वेगळा विषय.

छापील शिक्क्यांपेक्षा मला हाताने लिहिलेले शेरे जास्त आवडतात. शिक्का साहेबाच्या भाषेत, शेरा पोस्टमनच्या भाषेत. आपल्या भागातल्या पाकिटांवर ‘तपास लागत नाही’, ‘घर बंद’, ‘परगावी गेले’, ‘मयत’ असं काहीबाही पेन्सिलीने खरडलेलं असतं, जुनं असेल तर मोडीतही. कलकत्त्याहून परत आलेल्या पाकिटावर अर्थातच बंगालीत. आमच्या पाकिटावरच्या बंगाली ओळी मी ओळखीच्या एका बंगाली बाईंना दाखवल्या, तर त्यांनी एवढंच वाचून दिलं, ‘खिडकीवर कोणी आले नाही’. शेऱ्याखाली तारीख आणि आद्याक्षरं. एकापेक्षा जास्त तारखा दिसल्या तर तितक्यांदा प्रयत्न झाला असं समजा.

शिक्क्यांच्या मधली ती लांब पोकळीही वाचायची असते. ५ फेब्रुवारीला पोहोचलेलं पत्र मार्चमध्ये ‘डी.एल.ओ.’कडे. मधले दिवस पत्र खणात वाट बघत होतं. प्रत्येक पोस्टाला असं पत्र ठेवायची मुदत ठरलेली असे. ती सरली की पत्र जाई ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये. मेलेल्या पत्रांची कचेरी! नाव ऐकून अंगावर काटा येतो, म्हणूनच की काय, पुढे त्याचं ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ झालं. जुन्या पाकिटांवर डी.एल.ओ., नंतरच्यांवर आर.एल.ओ. मुंबईलाही ही कचेरी होती. नाशकात न पोहोचलेली पत्रं तिकडे जात.

या कचेरीत काय चाले, ते १८९८ च्या टपाल कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. (तो कायदा जून २०२४ पर्यंत चालू होता, मग २०२३ चा नवा कायदा लागू झाला.) आधी पत्ता शोधता येतो का ते बघायचं. येत नसेल तर पत्र उघडायचं. मात्र कुणीही नाही, त्या कामावर नेमलेल्या आणि गुप्तता पाळायला बांधलेल्या माणसानेच. तेही मजकूर वाचायला नव्हे, तर पाठवणाऱ्याचं नाव-गाव शोधायला. सापडलं तर त्याला परत. नाही सापडलं, तर कलम ३९ प्रमाणे पत्रं आणि कार्डं नष्ट करायची. आत पैसे किंवा विकण्याजोगी वस्तू निघाली तर एक वर्ष सांभाळायची आणि तरी कुणी हक्क सांगितला नाही तर सरकारजमा.

आता याचा उलटा अर्थ बघा. ज्याच्या आत-बाहेर कुठेच पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता ते पत्र जळालं. आज तुमच्या-माझ्या हातात ‘अनक्लेम्ड’ पाकीट आहे, याचाच अर्थ कुठेतरी पत्ता होता. बाहेर दिसत नसेल तर आत. आमच्या पाकिटाची एक कड सरळ, धारदार कापलेली आणि वर कागदाची पट्टी चिकटवून पुन्हा बंद केलेली होती. पट्टीशेजारी लाल शाईत आकडा आणि इंग्रजीत एक आडनाव, ‘नासिक सिटी’. आतेभावाचंच आडनाव. आधीचं अक्षर त्याच्या पणजोबांचं. आजोबा १९३६ मध्ये शाळेत होते.

उघडलेली, चिकटवलेली कड दिसली की लोक ‘सेन्सॉर, सेन्सॉर’ करतात. युद्धाच्या वर्षांतलं पाकीट असेल तर तसं असू शकतं, पण तेव्हा पट्टीवर ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ असं छापलेलं असतं आणि सोबत आकडा असतो. देवळालीच्या छावणीमुळे आपल्या भागात तसली पाकिटं बरीच निघतात. गोऱ्या सोल्जरांची पत्रं इथे येत, तोवर माणूस पुढच्या बोटीवर चढलेला असे, मग पाकिटावर पत्त्यांवर पत्ते खोडलेले. १९३६ च्या साध्या नागरी पत्राला सेन्सॉर चिकटवण्यात अर्थ नाही.

परदेशी पाकीट मिळालंच तर दोन खुणा लक्षात असू द्या. ‘टी’ हे एकटं अक्षर, बहुधा वर्तुळात किंवा चौकटीत, म्हणजे तिकीट कमी लावलंय, घेणाऱ्याकडून वसूल करा. ही खूण आंतरराष्ट्रीय. आणि अमेरिकेच्या जुन्या पाकिटावर ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड’ दिसलं तर ती जाहिरात नव्हे. तिकडे न नेलेल्या पत्रांची यादी वर्तमानपत्रात छापत, त्या यादीत हे नाव छापलं गेलं होतं एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे तिकीट कमी असलं की पत्र ‘नाटपेड’. हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी. जेवढं कमी, त्याच्या दुप्पट वसुली. घेणाऱ्याने नाकारलं तर भुर्दंड पाठवणाऱ्यावर. त्यामुळे नाटपेड कार्डावर ‘रिफ्यूज्ड’ दिसलं तर तिथे भांडण शोधण्याआधी आण्याचा हिशोब शोधा.

आणि जे टपालाचं नाही ते टपालाचं समजू नका. पाकिटाच्या बरोबर मध्ये भोक आहे? ती तार. कोपऱ्यावर पिवळा-लाल डाग? हळदकुंकू, आत लग्नाची किंवा मुंजीची पत्रिका असणार. कोपरा फाडलेलं कार्ड असेल तर बहुधा त्यावर कुणाच्या मृत्यूची बातमी. मारवाडी व्यापाऱ्यांच्या पाकिटावर ‘७४॥’ असा आकडा दिसतो, तो वजनाचा नव्हे की टपाल-नोंदीचाही नव्हे. ती शपथ आहे, परक्याने उघडू नये म्हणून घातलेली, चितोडच्या जुन्या कथेवरून आलेली. पाकिटाच्या पाठीवर दुधाचा हिशोब असेल तर तो दुधाचाच हिशोब आहे.

पत्ता कसा लिहिलाय यावरूनही काळ कळतो. ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगवेगळे लिहिले असतील तर माणूस राहतो त्या गावात पोस्ट नाही, टपाल शेजारच्या गावी येतं. सहा आकडी पिन असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ४२२००१ म्हणजे नाशिक, ४२२१०१ नाशिक रोड, ४२२४०१ देवळाली. आणा दिसला तर साधारण १९५७ च्या आधीचं. आणि पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं जादा तिकीट असेल तर १५ नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या दीड वर्षातलं, बांगलादेशच्या वेळचं.

पुसट शिक्क्यासाठी काही भारी उपकरण लागत नाही. खिडकीशी पाकीट आडवं धरून उजेड बाजूने पाडा आणि मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे करा. पाणी लावू नका, जांभळी शाई लगेच पसरते. आणि तिकिटं सोडवून घेऊ नका. सुटं तपकिरी तिकीट कवडीमोल, शिक्क्यासकट पाकीट मात्र बोलतं.

मी हे सगळं आतेभावाला त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं. बाहेर जेसीबीवाला खोळंबला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “पण दादा, हे परत आल्यावर पणजोबांनी परत उघडलं असेल ना?”

मी पाकीट पुन्हा उलटं केलं. कलकत्त्याची पट्टी कुठेही फाटलेली नव्हती. दुसऱ्या कडेचा डिंकही जसाच्या तसा. तारेचं भोक मात्र त्या पट्टीच्याच मधून आरपार गेलं होतं. पोस्टमनने दिलं, पणजोबांनी हातात घेतलं आणि न उघडताच ओवून टाकलं. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊकच होतं.

“आता उघडायचं का?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “पत्र तुझ्या घरचं. मी फक्त बाहेरचं वाचतो.”

त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि जेसीबीवाल्याला हात केला.